महागाई सोलापूरची, भत्ता कोणाचा?

आमच्या शुक्रवार पेठेत वर्षातून दोनदा, होळीच्या आणि दिवाळीच्या मागेपुढे, एक प्रश्न मला हटकून विचारला जातो. केंद्र सरकारने महागाई भत्ता वाढविल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, की पलीकडच्या घरातले मामा आमच्या ओट्यावर येऊन बसतात आणि म्हणतात, "गुरुजी, या खेपेला किती टक्के?" मी आकडा सांगतो. ते मान हलवतात, चहा घेतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. मामांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे. येथल्या एका कापडगिरणीच्या साचेखात्यात त्यांनी पंचवीस वर्षे काढली. गिरणी बंद पडल्यावर एका टॉवेलच्या कारखान्यात रखवालदारी केली. त्यांना दरमहा एक हजार रुपये निवृत्तिवेतन मिळते. प्रस्तुत लेखक अनुदानित माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे, आणि त्याचे निवृत्तिवेतन मामांच्या कितीपट आहे हे सांगण्याचा त्याला संकोच वाटतो. हे आरंभीच नमूद केलेले बरे. पुढील मजकूर ज्याचे पोट भरलेले आहे अशा माणसाने लिहिला आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

२०२३ च्या मार्चमध्ये राज्यातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक १४ तारखेपासून संपावर गेले. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही त्या संपाची घोषणा होती आणि सुमारे सतरा लाख माणसे त्यात सामील झाल्याचे त्या वेळी सांगितले जात होते. तीनच महिन्यांपूर्वी, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी योजना पुन्हा आणल्यास तिजोरीवर १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल, असे बजावले होते. पुढे फेब्रुवारीत त्याच नागपूरच्या शिक्षक मतदारसंघात भाजपचा पाठिंबा असलेले नागो गाणार पराभूत झाले आणि सुधाकर अडबाले निवडून आले. तिजोरीचा हिशेब आणि मतपेटीचा हिशेब समोरासमोर उभे राहिले म्हणजे आपल्याकडे जे होते तेच झाले : संप २० मार्चला मिटला, तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली आणि १ मार्च २०२४ पासून एक 'सुधारित' योजना लागू करण्याचे ठरले. तिच्यात अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाईवाढ देण्याचे मान्य करण्यात आले. केंद्र सरकारनेही २०२४ च्या ऑगस्टमध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि ती १ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. केंद्राच्या तेवीस लाखांच्या घरातील पात्र कर्मचाऱ्यांपैकी पहिल्या वर्षात फारच थोड्यांनी ती पत्करली, ही गोष्ट वेगळी.

आता तरुण वाचकांसाठी मूळ भांडण थोडक्यात सांगितले पाहिजे. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने नोकरीत येणाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद केले. त्याऐवजी कर्मचाऱ्याच्या पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारने आपली भर घालायची, तो पैसा रोख्यांत आणि समभागांत गुंतवायचा आणि निवृत्तीच्या दिवशी जे गाठोडे जमले असेल त्याच्या किमान चाळीस टक्क्यांतून विमा कंपनीकडून वर्षासन विकत घ्यायचे, अशी व्यवस्था आली. जुन्या पद्धतीत कर्मचाऱ्याला किती मिळणार हे ठरलेले होते, कोठून आणायचे ते सरकारने पाहायचे होते. नव्या पद्धतीत किती भरायचे हे ठरलेले आहे आणि किती मिळणार हे बाजार सांगेल. दीर्घायुष्याचा, मंदीचा आणि महागाईचा धोका असा सरकारच्या खांद्यावरून उचलून एका शिक्षकाच्या, एका कारकुनाच्या खांद्यावर ठेवला गेला. (सैन्यदलांना यातून वगळण्यात आले. आमदारांचे आणि खासदारांचे निवृत्तिवेतनही बाजाराच्या हवाली झाले नाही, हेही सहज आठवले.) शिवाय कपातीचा हिशेब नीट मिळत नाही, सरकारची भर वेळेवर जमा होत नाही, अशा तक्रारी जिल्ह्याजिल्ह्यांतील शिक्षकांनी वर्षानुवर्षे केल्या. जे १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नेमले गेले, पण ज्यांच्या शाळेला शंभर टक्के अनुदान त्यानंतर मिळाले, ते तर न घर का न घाट का अशा स्थितीत न्यायालयांच्या पायऱ्या झिजवीत राहिले. २०२४ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने, ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेपूर्वी निघाली होती अशा सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा विकल्प दिला. जाहिरात कोणत्या दिवशी छापून आली यावर माणसाचे म्हातारपण ठरावे, हा न्याय अजबच म्हणावा लागेल.

तारखेवरून पंक्तिप्रपंच करण्याचा हा प्रकार नवा नाही. ३१ मार्च १९७९ नंतर निवृत्त होणाऱ्यांनाच वाढीव सूत्राचा लाभ देण्याचे केंद्राने ठरविले होते, तेव्हा नाकरा नावाचे एक निवृत्त अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला. निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, तो केलेल्या सेवेचा मोबदला आहे आणि उतारवयातील सामाजिक न्यायाचे ते साधन आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. तेव्हापासून १७ डिसेंबर हा पेन्शनरांचा दिवस म्हणून पाळला जातो. आमच्या संघटनेतही दरवर्षी त्या दिवशी हार, भाषणे आणि अल्पोपाहार होतो. संप करणाऱ्यांची बाजू न्यायाची आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते ते याच निकालाच्या आधारे. परंतु त्या निकालातील तत्त्व एकदा मान्य केले, की ते शाळेच्या आणि कचेरीच्या फाटकापाशी थांबवता येत नाही. साचेखात्यातली पंचवीस वर्षे ही सेवा नव्हती काय?

येथे पुन्हा मामांच्या प्रश्नाकडे यावे लागते. ते विचारतात तो टक्का येतो कोठून? केंद्राचा महागाई भत्ता, आणि त्याच्या मागोमाग काही महिन्यांच्या विलंबाने राज्याचा, ज्या आकड्यावरून ठरतो त्याचे नाव 'औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक मूल्य निर्देशांक' असे आहे. केंद्रीय श्रम ब्यूरो तो काढतो. देशातील निवडक औद्योगिक केंद्रांत ठरलेल्या दुकानांतून धान्य, डाळी, तेल, भाजी, कापड, भाडे, औषधे यांचे भाव गोळा केले जातात आणि त्यांना कामगार कुटुंबाच्या खर्चातील त्यांच्या वाट्याप्रमाणे वजन दिले जाते. २०२० साली सुरू झालेल्या मालिकेत अशी ८८ केंद्रे होती. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्या पंक्तीला सोलापूरही आहे, आणि ते आजचे नाही. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२५ साली सोलापुरातील गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती. ज्वारी किती, तूरडाळ किती, लुगड्याला किती, सावकाराच्या व्याजाला किती, असा तो हिशेब होता. म्हणजे या गावातल्या कामगाराने काय खाल्ले आणि त्याला ते काय भावाने पडले, याची मोजदाद सरकार जवळजवळ शंभर वर्षे करीत आले आहे.

या मोजदादीतून निघालेल्या आकड्यावर दिल्लीतील निवृत्त सचिवाचे निवृत्तिवेतन वाढते. माझे वाढते. कामगारांच्या खर्चावरून काढलेला हा आकडा ज्याला लागू नाही असा मनुष्य म्हणजे निवृत्त कामगार! सोलापूरच्या बाजारात ज्वारी महागली की तिचा अंश निर्देशांकात जातो, निर्देशांकातून भत्त्यात येतो आणि माझ्या बँकेच्या खात्यात पडतो. मामा मात्र तीच ज्वारी त्याच दुकानातून, २०१४ साली ठरलेल्या हजार रुपयांत विकत घेतात. त्या निर्देशांकात पान, सुपारी, तंबाखू यांचाही एक गट आहे, तेव्हा विडीचा भावदेखील त्यात मोजला जातो. विडी वळणाऱ्या बाईला त्याचा उपयोग नाही.

जुनी योजना की नवी, या वादात नेहमी 'अखेरच्या पगाराच्या पन्नास टक्के' या शब्दांवर भर दिला जातो. माझ्या मते निवृत्तिवेतनाचा जीव पन्नास टक्क्यांत नाही. तो महागाईशी असलेल्या दुव्यात आहे. साठी गाठलेला भारतीय माणूस सरासरीने आणखी सुमारे अठरा वर्षे जगतो. दरसाल पाच टक्क्यांनी भाव वाढत गेले, तर आज हाती आलेल्या न वाढणाऱ्या शंभर रुपयांची किंमत अठराव्या वर्षी बेचाळीस रुपयांवर येते. म्हणजे मनुष्य जसजसा अधिक थकतो, त्याचा औषधांचा खर्च जसजसा वाढतो, तसतसे त्याचे निवृत्तिवेतन पाघळत जाते. विमा कंपनीचे सर्वसाधारण वर्षासन असेच ठरीव रकमेचे असते, आणि २००५ नंतरच्या शिक्षकाच्या मनात जी भीती आहे ती मुख्यतः हीच असावी. ती रास्त आहे. मात्र ज्या संकटाच्या भीतीने तो रस्त्यावर आला, ते त्याच्या शेजारच्या घरात तीस वर्षांपूर्वीच येऊन बसले आहे, याची त्याला वार्ता नव्हती, हे कबूल केले पाहिजे. मलाही नव्हती. मामा इतकी वर्षे आकडा विचारीत आले. तो ते का विचारतात, हे मी एकदाही त्यांना विचारले नाही.

खासगी क्षेत्रातील कामगाराच्या निवृत्तिवेतनाची कथा थोडी तपशिलाने सांगण्याजोगी आहे, कारण ती शिक्षितांनाही ठाऊक नसते. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. १९७१ साली त्याला कुटुंब निवृत्तिवेतनाची जोड मिळाली, पण ती कामगार नोकरीत असताना वारला तर त्याच्या विधवेसाठी. धडधाकट राहून म्हातारा होणाऱ्याला दरमहा काही मिळण्याची सोय नव्हती. मेल्यावाचून पेन्शन नाही असाच तो प्रकार होता. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आली. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के आणि सरकारचे १.१६ टक्के यांतून तिचा निधी उभा राहतो. सूत्र असे : पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. २०१४ पासून त्यासाठी पगाराची मर्यादा पंधरा हजार ठरविली गेली. विडी कामगार बाईचा या हिशेबाचा पगार तीन हजार धरा आणि तिची वीस वर्षे भरली म्हणून मिळणारी दोन वर्षांची सवलत मिळवा. तीन हजार गुणिले बावीस, भागिले सत्तर म्हणजे नऊशे त्रेचाळीस रुपये. मामांची सुरुवात तर सातशे बेचाळीसवर झाली होती. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान एक हजाराची मर्यादा घातली गेली तेव्हा ते एकदम हजारावर आले, आणि तेथेच थांबले. आरंभीच्या काही वर्षांत या योजनेत लहानसहान वाढी दिल्या गेल्या होत्या. पुढे निधीत तूट दिसते म्हणून त्या बंद पडल्या.

ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही असेही नाही. राज्यसभेच्या याचिका समितीने सप्टेंबर २०१३ मध्येच शिफारस केली होती, की किमान निवृत्तिवेतन तीन हजार करावे आणि त्याला महागाईची जोड द्यावी. त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी पुढे आमच्याच राज्याचे राज्यपाल झाले. त्यांच्या इतर अनेक उक्तींची महाराष्ट्रात चर्चा झाली, या शिफारशीची झाल्याचे स्मरत नाही. साडेसात हजार रुपये आणि त्यावर महागाई भत्ता मिळावा, या मागणीसाठी बुलढाण्यात २०१८ च्या डिसेंबरापासून या निवृत्तांनी साखळी उपोषण आरंभिले. सत्तर-पंचाहत्तरीची माणसे पाळीपाळीने मांडवात बसू लागली. त्यांच्या संपाने कोणतीही शाळा बंद पडत नाही आणि कोणताही दाखला अडत नाही, ही त्यांची खरी अडचण होय.

सोलापूरला ही अडचण इतर गावांपेक्षा अधिक भोवली आहे. १८७७ साली येथे पहिली गिरणी निघाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, जाम, नरसिंग गिरजी अशी नावे वाढत गेली आणि तेलंगणातून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून माणसे भोंग्याच्या आवाजावर जगायला येथे आली. त्या गिरण्या एकामागून एक मिटल्या. त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. सोलापुरी चादरीचे नाव देशोदेशी झाले, पण कायदा लागू होण्यासाठी वीस माणसे लागतात, आणि एकाच छपराखालचे माग तीन नावांवर दाखविले की वीस भरत नाहीत, ही युक्ती येथे कोणाला शिकवावी लागत नाही. त्यामुळे आज मागावर उभा असलेला चाळिशीतला मनुष्य मामांपेक्षाही वाईट म्हातारपणाकडे चालला आहे. मामांना हजार तरी मिळतात.

विडी कामगार बायांची गोष्ट निराळी. त्या घरी बसून विडी वळतात, म्हणून त्या कामगारच नव्हेत, असा कारखानदारांचा युक्तिवाद होता. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा त्यांना लागू ठरला. या गावातील त्यांच्या चळवळीने पुढे कुंभारीच्या माळावर दहा हजार घरांची वसाहत उभी करून दाखविली, आणि अलीकडे असंघटित कामगारांसाठी रेनगरची घरे. घर मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. पण घरात चूल पेटायची तर दरमहा काही यावे लागते. तेलुगू नावाची कागदोपत्री तीन रूपे झालेली असतात, जन्मतारीख प्रत्येक कार्डावर निराळी असते, आणि हयातीचा दाखला देण्यासाठी यंत्रावर बोट ठेवले तर पाने कातरून, विड्या वळून बोटांच्या रेषाच झिजलेल्या असतात. ज्या कामाचे निवृत्तिवेतन मागायचे त्या कामानेच मागणाऱ्याची ओळख पुसून टाकलेली असते.

ज्यांच्या नावे हेही खाते नाही त्यांच्यासाठी सरकारचे वृद्धापकाळाचे अर्थसाहाय्य आहे. केंद्राने ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी दरमहा पंचाहत्तर रुपयांनी सुरू केले. पुढे त्याचे दोनशे झाले. ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी २००७ साली असलेला केंद्राचा वाटा २०२५ सालीही दोनशेच होता. वर सांगितलेल्या पाच टक्क्यांच्या हिशेबाने त्या दोनशेचे आज त्र्याऐंशी रुपये उरतात. पंचाहत्तरपासून तीस वर्षांत आपण तेथवर आलो! महाराष्ट्राने आपली भर घालून श्रावणबाळ योजनेची रक्कम २०१९ साली एक हजार आणि २०२३ साली दीड हजार केली, त्याचे श्रेय राज्याला दिलेच पाहिजे. पण पात्रतेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एकवीस हजार रुपयेच राहिली. महिन्याला साडेसतराशे! एवढ्या उत्पन्नाचे कुटुंब शहरात जिवंत कसे राहील, हा प्रश्न दाखला देणाऱ्याला पडत नाही आणि घेणाऱ्यालाही पडत नाही; दोघेही कागदावर सही करून मोकळे होतात. उलट जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि वयाची मर्यादा पासष्ट. याचा अर्थ असा, की लाखभर उत्पन्नाच्या घरातील चौसष्ट वर्षांच्या बाईला दीड हजार मिळतात, आणि ती पासष्ट ओलांडून खरोखर म्हातारी झाली, की ते बंद होतात. श्रावणबाळाच्या दारात तिला एकवीस हजारांची चौकट आडवी येते. बहीण लाडकी असते, आई झाली की तिने उत्पन्नाचा दाखला आणावा, असा हा व्यवहार आहे.

आता, पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न टाळून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठ वर्षांवरील माणसे एक कोटी अकरा लाखांच्या आसपास, म्हणजे दहात जवळजवळ एक होती. २०३१ पर्यंत हे प्रमाण शंभरात पंधरापर्यंत जाईल असा अंदाज आहे. कमावणारे हात तुलनेने घटणार आणि खाणारी तोंडे वाढणार. जुन्या योजनेची गोम अशी, की तिच्यासाठी सरकारने कधी पैसा बाजूला ठेवलाच नाही. दर साली जे येईल त्यातून देत गेले. वृद्धांची संख्या वाढत जाते तेव्हा ही पद्धत महाग पडते, हे अर्थखात्याचे म्हणणे चुकीचे नाही. तेव्हा 'एकही पैसा भरणार नाही आणि अर्धा पगार घेणारच' या भूमिकेवर अडून राहणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांशी माझा मतभेद आहे. कर्मचाऱ्याने भरावे, सरकारने अधिक भरावे, आणि मिळणारी रक्कम मात्र ठरलेली व महागाईशी बांधलेली असावी, हा मध्यम मार्ग राज्याच्या सुधारित योजनेने आणि केंद्राच्या एकीकृत योजनेने निदान कागदावर धरला आहे. तो पत्करण्यासारखा आहे.

पण पैसा नाही हे उत्तर एकालाच द्यावयाचे आणि दुसऱ्याला संपानंतर द्यावयाचे नाही, हे कसे? बाजारावर सोपविले की प्रश्न सुटतो, असे समजणाऱ्यांनी चिली देशाकडे पाहावे. जनरल पिनोशे यांच्या राजवटीत १९८१ साली तेथील कामगारांची निवृत्तिवेतने खासगी खात्यांत घातली गेली. सेनाधिकाऱ्यांनी आपली जुनी पद्धत मात्र सांभाळून ठेवली. खात्यांत जमले ते इतके अपुरे, की २००८ साली सरकारी तिजोरीतून गरीब वृद्धांना मूळ निवृत्तिवेतन द्यावे लागले, आणि २०२५ साली मालकांकडून वर्गणी घेण्याचा नवा कायदा करावा लागला. जबाबदारी झटकली म्हणून ती गेली नाही. पंचवीस-चाळीस वर्षांनी व्याजासह परत आली. दुसरे उदाहरण शेजारचे. नेपाळसारख्या आपल्याहून गरीब देशाने १९९५ च्या सुमारास पंचाहत्तरीपुढील नागरिकांना दरमहा शंभर रुपये देण्यास प्रारंभ केला. २०२२ पर्यंत ती मर्यादा अडुसष्ट वर्षांवर आणि रक्कम चार हजार नेपाळी रुपयांवर, म्हणजे आपल्या सुमारे अडीच हजारांवर, आली होती. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्याला ती मिळत नाही. बाकीच्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, वय पुरते.

आपल्याकडेही क्रम असाच लागावा असे मला वाटते. आधी एकवीस हजारांची चौकट काढून पासष्टीपुढील प्रत्येक निवृत्तिवेतनहीन नागरिकाला मूळ रक्कम, आणि ती रक्कम निवडणुकीच्या साली वाढण्याऐवजी निर्देशांकाबरोबर दर सहा महिन्यांनी आपोआप वाढणारी. मग १९९५ च्या योजनेतील निवृत्तांना कोश्यारी समितीने सांगितलेली महागाईची जोड; त्यासाठी सरकारचा १.१६ टक्क्यांचा वाटा वाढवावा लागेल, आणि पंधरा हजारांची मर्यादा वर न्यावी लागेल. माझ्यासारख्यांच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न त्यानंतरचा. एखाद्या वर्षी तिजोरीत फार ओढाताण असेल आणि मोठ्या निवृत्तिवेतनावरचा भत्ता उशिरा मिळाला, तर मी तरी तक्रार करणार नाही. हे वाक्य आमच्या मंडळींना आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

गेल्या महिन्यात आमच्या संघटनेच्या बैठकीत सरकारला द्यावयाच्या निवेदनाचा मसुदा वाचून दाखविण्यात आला. त्यात आठ मागण्या होत्या : वैद्यकीय बिले, अंशराशीकरणाची मुदत, थकलेल्या भत्त्याचे हप्ते वगैरे. मी उठून सुचविले, की नववी मागणी घाला. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर आपला भत्ता निघतो, तर तोच भत्ता निवृत्त औद्योगिक कामगारांनाही लागू करावा. क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "गुरुजी, त्यांची संघटना निराळी आहे. त्यांचे त्यांनी मागावे." दुसरे म्हणाले, की मागण्या फार झाल्या म्हणजे एकही पदरात पडत नाही. त्यात व्यवहाराचे शहाणपण नव्हते असे मी म्हणणार नाही. अखेर अध्यक्षांनी, मागणीची शब्दयोजना लेखी द्या, कार्यकारिणी विचार करील, असे सांगितले. मी ती त्याच रात्री दोन ओळींत लिहून चिटणीसांच्या घरी पोचती केली. निवेदन पुढल्या आठवड्यात जिल्हाधिकारी कचेरीत द्यायचे आहे. त्यात मागण्या आठ आहेत की नऊ, हे अजून मला कळलेले नाही.